एकशे सत्त्याहत्तर नॅनोमीटर

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार. लातूर

वही आणून चार महिने झाले. पहिलं पान आज उघडतोय, कारण आज लिहिण्यासारखं काही घडलं.

सकाळी साडेअकराला स्फटिक द्रावणातून बाहेर काढला. त्रेचाळीस दिवसांचा. चिंचोक्याएवढा, पण असा नितळ की बोटांवर ठेवला तर कातडीच्या रेषा त्यातून जशाच्या तशा दिसतात. मी खिडकीपाशी जाऊन पाच मिनिटं नुसता बघत राहिलो. बजरंग माझ्याआधीपासून प्रयोगशाळेत परिचर आहे. तो म्हणाला, "खडीसाखरच की सर!"

खडीसाखर म्हणू दे. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, बावीस वर्षं या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतोय आणि बाहेरच्या कुणी थांबून वाचावं असा माझा एकही शोधनिबंध नाही. मार्चमध्ये प्रोफेसरपदाची मुलाखत आहे. सगळी भिस्त या खड्यावर.

हा फेरोइलेक्ट्रिक जातीचा. म्हणजे आतली विजेची धन-ऋण टोकं सगळी एकाच दिशेला तोंड करून बसलेली असतात, आणि विजेचा जबर दाब दिला की उलटी फिरतात. ती पट्ट्यापट्ट्यांनी आलटून-पालटून फिरवता आली, तर आत शिरलेल्या लेझरमधून निम्म्या लांबीच्या लाटेचा नवा उजेड तयार व्हावा. तीनशे पंचावन्न नॅनोमीटर आत, एकशे सत्त्याहत्तर बाहेर. खोल अतिनील. डोळ्याला दिसत नाही, हवासुद्धा त्याला गिळून टाकते. पण कॉम्प्युटरच्या चिपा कोरणाऱ्यांना असा लेझर लहानशा पेटीत हवा आहे आणि तो देणारे स्फटिक जगात फार थोडे आहेत.

धम्मप्रियानं मदत चांगली केली. धम्मप्रिया सोनकांबळे, माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, कंधारची. द्रावणाचं तापमान रोज एक दशांश अंश उतरवायचं काम तिच्याकडे होतं. दिवाळीच्या सुट्टीतही ती हॉस्टेलवर थांबली. मी थांब म्हणालो नव्हतो. त्यांच्यात तसंही दिवाळीचं एवढं नसतं.

३ जानेवारी, शुक्रवार

स्फटिक कापून झाला. ओल्या रेशमी कापडावर घासून गुळगुळीत केला (हे तिचं काम, पाण्याचा एक थेंब जास्त झाला तर विरघळतो). त्यावर केसाहून बारीक धातूच्या पट्ट्या हैदराबादच्या एका लॅबमधून छापून आणल्या. आज दाब दिला. सहा हजार व्होल्ट. पहिल्या तुकड्याला तडा गेला. मी खुर्चीत बसूनच राहिलो. तिनं कपाटातून दुसरा तुकडा काढला. तो तिनं आधीच तयार करून ठेवला होता.

दुसऱ्याला दाब दिला आणि मीटरचा काटा एकदा दचकल्यासारखा हलला. टोकं फिरली!

"पट्ट्या नीट सुट्या फिरल्यात का हे बघावं लागेल सर," ती म्हणाली. "एकमेकीत पसरल्या असतील तर उपयोग न्हाई."

बघू. आधी लेझर दाखवू.

११ जानेवारी, शनिवार. नांदेड

जे झालं ते क्रमानं लिहितो.

पहाटेच्या एसटीनं निघालो, अहमदपूर-लोहा करत साडेनऊला नांदेड. दयानंद माझा एम.एस्सी.चा वर्गमित्र. त्याच्याकडे लेझर आहे आणि नायट्रोजन भरलेली पेटीही आहे. हवेत हा उजेड टिकत नाही म्हणून ती पेटी लागते. पेटीत स्फटिक ठेवला, पुढं तीनशे पंचावन्नला अडवणारी गाळणी, तिच्यापुढं एकशे सत्त्याहत्तर मोजणारा डिटेक्टर.

स्फटिक नसताना आकडा अडतीस. स्फटिक ठेवल्यावर चारशे बारा.

काढला, अडतीस. ठेवला, चारशे बारा. मी सात वेळा करून घेतलं. दयानंदनं पाठीत धपाटा मारला. "आदिनाथ, लेका, केलास की!" मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बायकोला, आरतीला, फोन लावला आणि मला बोलताच येईना. ती घाबरली, तिला वाटलं माझ्या वडिलांना काही झालं. "काय झालं? दादा बरे आहेत ना?" म्हटलं, आहेत, सगळे बरे आहेत.

आत आलो तर धम्मप्रिया लेझरचा जोर कमी-जास्त करून आकडे वहीत उतरवत होती. म्हणाली, "सर, एक काचपट्टी मधे ठेवून बघू का? साधी. सूक्ष्मदर्शकाची."

दयानंदला भाच्याच्या लग्नाला जायचं होतं, तो घड्याळाकडं बघत होता. म्हटलं, पुढच्या खेपेला.

परतीला लोह्याला चहा घेतला. मी एकटाच बोलत होतो. तिला म्हणालो, अगं, हस तरी. ती हसली.

१३ जानेवारी, सोमवार

प्राचार्यांना सांगितलं. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, सत्कार. संस्थेचे अध्यक्ष स्वतः येणार.

२२ जानेवारी, बुधवार

शोधनिबंध लिहायला घेतला आणि एका जागी अडकलो.

लेझरचा जोर निम्मा केला तर असा नवा उजेड पाव व्हायला पाहिजे. हा नियम मी दरवर्षी एम.एस्सी.च्या मुलांना फळ्यावर लिहून देतो. धम्मप्रियाच्या वहीत अकरा तारखेचे आकडे आहेत. जोर निम्मा, आकडाही निम्मा. त्याखाली तिनं पेन्सिलीनं एक बारीक प्रश्नचिन्ह काढलंय.

डिटेक्टर जुना आहे. भरून वाहायला लागला की तो असा वागतो. दयानंदही तसंच म्हणेल.

विचारलं मात्र नाही त्याला.

दुपारी दोन तास घेतले. त्यात काय शिकवलं ते आठवत नाही. संध्याकाळी आरती म्हणाली, "तुम्ही जेवताना पाय हलवताय. ताट हलायलंय." 

२८ जानेवारी, मंगळवार

धम्मप्रिया पुन्हा तेच घेऊन आली. आधी तेवीसलाही आली होती. नांदेडला एक चक्कर मारू, काचपट्टी ठेवून बघू, लेझरचा जोर बदलून बघू.

मी म्हणालो, "काचेनं काय सिद्ध होणार आहे?"

"साध्या काचेतून एकशे सत्त्याहत्तर जात न्हाई सर. तीनशे पंचावन्न जातो. काच ठेवल्यावर आकडा पडला तर आपला उजेड खरा. न्हाई पडला तर…"

"तर काय?"

ती हळू म्हणाली, "स्फटिक ठेवला की मूळचाच उजेड विखुरत असंल. गाळणीतून गळत असंल."

"दयानंदची गाळणी गळकी? आणि सात वेळा बघितलं ते काय होतं? धम्मप्रिया, तुझा माझ्यावर विश्वास आहे का नाही?"

हा प्रश्न मी का विचारला, मलाच कळत नाही. तिला काच ठेवायची होती, विश्वासाचं काही नव्हतं त्यात. पण विचारून झाला होता. ती "आहे सर" म्हणून गेली.

तिचं काय जातंय. तिचं वय आहे थांबायचं. माझी मुलाखत मार्चला आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

आई आजारी म्हणून ती गुरुवारी कंधारला गेली होती. आज आली. विचारलं, आईची तब्येत कशी? "बरी हाय आता," म्हणाली, पण नजर दुसरीकडं. मग म्हणाली, "सर, काचेचं मी…"

मी हात वर केला. म्हटलं, आता काच नको, निबंध तयार आहे, तू फक्त वाचून सही कर.

तिनं तिथंच उभं राहून पाचही पानं वाचली. पानं टेबलावर सरळ रचून ठेवली आणि म्हणाली, "माझं नाव काढा सर ह्याच्यातून."

मला आधी ऐकूच आलं नाही नीट. पीएच.डी.चं चौथं वर्ष. हा निबंध म्हणजे तिचा प्रबंध. नावासाठी पोरं पाया पडतात, आणि ही!

दिवसभर त्याच विचारात आहे. दुसरा मार्गदर्शक गाठला असेल का? लग्न ठरलं असेल? घरी आल्यावर आरतीला सांगितलं. माझा आवाज चढला असावा. म्हणालो, मी या मुलीत कधी भेद केला नाही. आपल्या घरी आली तेव्हा आपल्याच कपात चहा दिला आपण तिला.

आरती भाजी निवडत होती. ती थांबली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "ही सांगायची गोष्ट आहे का हो?"

तिला काय म्हणायचंय ते मला कळलं नाही. तिचाही दिवस शाळेत वाईट गेला असेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

पाठवला. दोघांची नावं ठेवून. माझं आधी, तिचं नंतर. नाव काढून तिचंच नुकसान झालं असतं, पुढं तिलाच कळेल. 'पाठवा'वर बोट ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. बजरंग झाडू घेऊन दोनदा आत येऊन गेला.

निम्म्याला निम्मा, त्याबद्दल एक ओळ घातली आहे: डिटेक्टरच्या मर्यादेमुळे. हे मी तपासलेलं नाही. इथं लिहून ठेवतो. दुसरीकडं कुठं लिहिणार?

१६ फेब्रुवारी, रविवार. गावी, देवणीजवळ

दादांना सत्काराला यायचंय. वडील ब्याऐंशीचे आहेत, लातूरला शेवटचे डोळ्याच्या ऑपरेशनला आले होते. पेपरात आलेल्या बातमीचं कात्रण त्यांनी शेजारच्या शिवप्पाकडून तीनदा वाचून घेतलं म्हणे. शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालेला हा शिवप्पा गावभर सांगत सुटलाय की शेषेरावच्या पोरानं नवा उजेड काढला.

दुपारी जेवण झाल्यावर दादा बाजेवर बसून विचारायला लागले.

"त्या खड्यातून बत्तीवानी उजेड पडतोय का?"

"न्हाई दादा. डोळ्याला दिसत न्हाई त्यो."

"कुणालाच?"

"कुणालाच."

"मग हाय म्हणून तुला कसं कळलं?"

"मशीन आकडा दाखवतंय."

"मशीनला कसं कळलं त्योच हाय म्हणून? दुसरा एखादा असंल तर?"

मी म्हणालो, दादा, ते तुम्हाला नाही समजायचं. ते "हाव, ते बी खरंच" म्हणाले आणि नवं धोतर घालू का पायजमा, हे विचारू लागले. शेषेराव बिरादार, चौथी पास.

परतीच्या बसमध्ये खिडकीची काच सारखी खडखडत होती. ती मी निलंग्यापर्यंत हातानं दाबून धरली होती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दयानंदला फोन केला. काही ठरवून केला नव्हता. इकडचं तिकडचं बोलून म्हणालो, एकदा काचपट्टी ठेवून बघावं म्हणतो, केवळ खात्रीला.

तो म्हणाला, "आता आणखी कशाला? तुझी पोरगी बघून गेली की."

"कधी?"

"मागल्या महिन्याच्या शेवटी. दोन दिवस इथंच होती. मी म्हणलं सरांना सांगून आलीस का, तर म्हणाली सांगणार हाय. तुला न्हाई बोलली?"

"काय निघालं?"

"यार, मला वाटलं तुला माहीत असंल. म्हणून तर मी फोन नव्हतो करून राहिलो. म्हणलं तूच तोंड उघडशील. गाळणी जुनी झाली रे माझी. कडेनं गळतीय."

मी धम्मप्रियाला बोलावलं. दार लावून घ्यायलाही विसरलो, बजरंगनं ते बाहेरून ओढून घेतलं.

"मला न विचारता नांदेडला गेलीस?"

"विचारलं होतं सर. अकराला, तेवीसला, अठ्ठावीसला. तुम्ही नको म्हणलात."

"मग आल्यावर सांगायचं!"

"पाच तारखेला त्यासाठीच आले होते."

मी हात वर केला होता तो मला आठवला. तिनं वही उघडून माझ्यासमोर ठेवली. काच नसताना चारशे बारा. काच ठेवल्यावर तीनशे ऐंशी. काचेनं जेवढा उजेड परतवावा तेवढाच कमी. नायट्रोजन सोडून पेटीत हवा घेतली, तरी आकडा जागचा हलला नाही. एकशे सत्त्याहत्तर असता तर हवेनं तो गिळला असता. सगळं शाईनं लिहिलेलं, तारीख, वेळ, तापमान. प्रश्नचिन्ह कुठंच नव्हतं.

"सरळ म्हणायचं ना, की हे खोटं आहे म्हणून!" मी ओरडलो.

"माझी चार वर्षं त्याच खड्यात हायेत सर," ती म्हणाली. "खोटं हाय हे म्हणायला मलाबी चार दिवस लागले. आईपशी जाऊन बसले होते. आई आजारी नव्हती."

२० फेब्रुवारी, गुरुवार. नांदेड

काच मी माझ्या हातानं ठेवली.

तीनशे एक्क्याऐंशी.

दयानंद म्हणाला, पुन्हा बघ. मी म्हणालो, नको. मग स्वतःच पुन्हा ठेवली. पुन्हा. पाचव्यांदा धम्मप्रियानं माझ्या हातून काच काढून घेतली आणि डबीत ठेवली.

ती म्हणते पट्ट्या एकमेकीत पसरल्या आहेत, फिरलेला भाग आणि न फिरलेला भाग यांच्या सीमा वेड्यावाकड्या झाल्यात आणि उजेड तिथंच विखुरतो. पट्टी आणखी बारीक हवी, दाब कमी वेळ द्यायला हवा. तीन जानेवारीला दाब दिल्यादिल्याच तिनं हे म्हटलं होतं. मी याच वहीत लिहिलंय, आता मागं जाऊन वाचलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

निबंध मागं घेतला. चार ओळींचं पत्र: मापनात त्रुटी आढळल्यामुळे.

प्राचार्य म्हणाले, "बिरादार सर, बॅनर छापून आलेत. अध्यक्षांनी दिल्लीचं जाणं पुढं ढकललंय. आठवडाभर थांबा. सत्कार होऊ द्या, मग सावकाश काय जाहीर करायचं ते करा. कुणाला कळतंय एकशे सत्त्याहत्तर का दोनशे?"

मी बघतो म्हणालो. मला हो म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सभागृह भरलेलं. दादा पहिल्या रांगेत, धोतरच नेसले होते. माझ्या नावाआधी बॅनरवर 'थोर शास्त्रज्ञ' लिहिलेलं. अध्यक्षांनी हार घातला, शाल दिली आणि वीस मिनिटं मराठवाड्याच्या मातीवर बोलले. मग माझी वेळ आली.

मी कागदावर लिहून नेलं होतं, पण चष्मा लावायचं सुचलं नाही. म्हणालो, जो उजेड निघाला असं मी सांगितलं, तो निघालेला नाही. मशीनला जे दिसलं तो जुनाच उजेड होता, गळून आलेला. माझ्या एका विद्यार्थिनीनं साधी काचपट्टी मध्ये ठेवून ते दाखवून दिलं. मी तिचं वेळेवर ऐकलं नाही. निबंध मागं घेतला आहे. एवढं बोलून मी खाली बसलो. टाळ्या वाजवाव्यात का नाही ते लोकांना कळेना. मागून कुणीतरी वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं "सरांचा हा विनय" असं काहीसं म्हणून पुढचा कार्यक्रम पुकारला.

प्राचार्य चहाला माझ्याजवळ आले नाहीत.

गाडीत दादांनी विचारलं, "म्हंजी उजेड न्हाई पडला?"

"न्हाई दादा."

"मग हार कशापायी घातला त्यांनी?"

आरती पुढं बसली होती, ती हसायला लागली. मग मीही. दीड महिन्यात पहिल्यांदा हसलो. रात्री चांगली झोप लागणार असं वाटतंय. बरोबर वागलो. धम्मप्रियाला आता माझ्याबद्दल राग राहणार नाही. ती मागच्या दाराजवळ उभी होती, कार्यक्रम संपायच्या आत निघून गेली. हॉस्टेलची बस असेल.

४ मार्च, मंगळवार

ती अर्ज घेऊन आली. मार्गदर्शक बदलण्याचा. दयानंद घ्यायला तयार आहे, माझी सही हवी.

मला वाटलं वाचण्यात चूक झाली. म्हणालो, "आता कशाला? आता तर सगळं खरं झालं. भर सभेत सांगितलं मी."

"हाव सर. मी होते."

"मग?"

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. मी तिला बस म्हणालो नव्हतो, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. चार वर्षांत कितीदा म्हणालो असेन?

"माझ्या एका विद्यार्थिनीनं, असं म्हणलात तुम्ही," ती म्हणाली.

"अगं, गडबडीत विसरलो. चष्मा नव्हता."

"पाच तारखेला माझं नाव काढा म्हणलं, तर काढलं न्हाई. अठ्ठावीसला घ्यायचं होतं, तर विसरलात." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "माझे पप्पा कंधारहून आले होते सर. मागं बसले होते. मी त्यांना म्हणलं होतं, आज माझं नाव घेतील. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी विचारलं, ती कोण पोरगी गं, सर म्हणायलेत ती?"

मला त्यांचं नावही माहीत नाही असं वाटलं, पण अर्जावर होतं. पंढरी.

सही केली. पेन चाललं नाही, तिनं तिचं दिलं. मी म्हणालो, स्फटिक तरी घेऊन जा, तुझाच आहे. ती म्हणाली, "नको सर. प्रयोगशाळेच्या नोंदीत हाय तो. मी दुसरा करीन."

घरी आरतीला सांगितलं. तिनं काही समजूत काढली नाही. शेजारी येऊन बसली मात्र.

१९ मार्च, बुधवार

मुलाखत झाली. निबंधांच्या यादीत ती ओळ नव्हती. कळवू म्हणाले.

संपादकांना दुसरं पत्र पाठवलं. त्रुटी कुणी शोधली ते पहिल्या पत्रात नव्हतं. धम्मप्रिया पंढरी सोनकांबळे, असं पूर्ण लिहिलं. एक प्रत तिला, एक प्राचार्यांना, एक कंधारच्या पत्त्यावर टपालानं. उशीर झालाय हे मला माहीत आहे.

मग द्रावण करायला घेतलं. माप, तापमान, गाळणं, सगळं तिच्या वहीच्या झेरॉक्सवरून. दुपारपर्यंत जमलं. शेवटी बीजस्फटिक दोऱ्याला बांधायचा होता, मोहरीएवढा. पहिला निसटून तळाशी गेला. दुसरा गाठ आवळताना फुटला. तिसरा द्रावणात सोडल्यावर गाठीतून सुटला. बजरंग म्हणाला, "मॅडमच बांधायच्या सर नेहमी." मी म्हणालो, माहीत आहे. खरं तर माहीत नव्हतं. चार वर्षांत मी कधी बघितलंच नव्हतं.

चौथा हातात घेऊन अर्धा तास बसलो. मग नांदेडला फोन लावला. उचलेल असं वाटत नव्हतं.

"बोला सर."

"बी बांधता येईना मला."

मागं तिकडच्या लॅबमधला पंखा ऐकू येत होता.

"फोन स्पीकरवर ठेवा," ती म्हणाली. "दोरा कोरडा हाय का?"

"हो."

"म्हणून सैल होतोय. आधी त्याच द्रावणात भिजवा. दहा मिनिटं. मग गाठ पाडून ठेवा, मोठी, आणि बी चिमट्यानं गाठीत नेऊन ठेवा. बी हलवू नका, दोरा ओढा. दोन्हीकडनं सारखा."

भिजवला. दहा मिनिटं ती फोनवर होती, मी होतो. मग चिमटा. मग दोरा, दोन्हीकडनं सारखा.

"बसली का गाठ?"

"बसली वाटतंय."

"वाटतंय न्हाई सर. बघून सांगा."

मी भिंग घेतलं, चष्मा लावला, दिवा जवळ ओढला आणि खालून, वरून, बाजूनं बघितलं.

"बसली आहे."

"सोडा मग द्रावणात," ती म्हणाली. "आणि आता हात लावू नका."